जर्मनीला निघालेल्या नर्सला: कुठल्या सवयी न्यायच्या आणि कुठल्या तिथे लावायच्या

वेंगुर्ल्याजवळच्या एका मुलीने विचारलं आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली, सध्या कुडाळच्या एका हॉस्पिटलात नोकरी, जर्मनची बी-वन परीक्षा पास, नोव्हेंबरात श्टुटगार्टजवळच्या हॉस्पिटलात रुजू होणार. ती लिहिते: "ताई, पहाटे पाचला उठून अभ्यास करायचा असं मी कितीदा ठरवलं. चार दिवस होतं, पाचव्या दिवशी मोडतं. घरात असून ही गत, तर तिकडे एकटी काय करणार? मला तिथे यशस्वी व्हायचंय. सगळ्या वाडीचे डोळे माझ्याकडे लागलेत. आई म्हणते, नाही जमलं तर सरळ परत ये. खरं सांगा, जमेल का?"

बाय, पाचव्या दिवशी उठणं मोडलं म्हणून तुझ्यात काही कमी आहे असं मुळीच समजू नकोस. मी बरीच वर्षं जर्मनीत वॉर्डात काम केलं आणि परत आल्यापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या मुलामुलींची जाण्याआधीची तयारी करून घेते. ज्यांचे निश्चय सगळ्यांत मोठे, तीच मुलं तिथे सगळ्यांत चांगली रुळतात, असं मला कधी दिसलं नाही. आपला दिवस कशाच्या आधाराने चालतो हे ज्यांना नीट कळलेलं असतं, ती मुलं रुळतात.

तुझा आत्ताचा दिवस बघ. साडेपाचला आईची हाक. न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापलेलं. समोर पेज नाहीतर घावणे. तिठ्यावरची एसटी चुकली की ड्युटी चुकली, म्हणून तू वेळेत घराबाहेर पडतेस. दिवेलागणीला देवाकडे दिवा लावतेस, कारण आजी विचारते. यातलं एकही काम करण्यासाठी तुला मनाशी झगडावं लागत नाही. सवयी तुझ्या आहेत, पण त्यांना चालना देतात आई, आजी आणि एसटीचं वेळापत्रक. पाचचा अभ्यास मात्र कुणाशीच आणि कशाशीच बांधलेला नव्हता. तो सुटणारच होता.

वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये नेमकं हेच तपासलं. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम करणं, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं अशा सवयींचं पुढे काय होतं, हे त्यांनी पाहिलं. नव्या जागी भोवतालची परिस्थिती जुन्यासारखीच राहिली, तिथे सवय टिकली. परिस्थिती पालटली, तिथे सवय आपोआप चालेना आणि मग ज्याच्या मनात जे होतं तसं तो वागू लागला. तुझ्या बाबतीत तर सगळंच पालटणार आहे. जेवण, उजेड, भाषा, झोपायची खोली, सगळं.

हे वाईट आहे तसं चांगलंही आहे. घरच्या चांगल्या सवयी गळतात, तशा नको असलेल्याही गळतात, आणि पहिले दोन-तीन महिने तुझा दिवस मोकळा असतो. त्यात जे आधी शिरेल ते ठाण मांडून बसतं. माझ्याकडून गेलेल्या मुलींमध्ये मी पुन्हा पुन्हा बघते ते असं. दुपारची शिफ्ट संपवून मुलगी खोलीवर येते, बाहेर काळोख, पांघरूण ओढून फोन हातात घेते आणि गावचे व्हिडिओ बघत रात्रीचा एक वाजवते. पहिल्या आठवड्यात ते थकव्यापोटी असतं. फेब्रुवारीपर्यंत ती सवय झालेली असते आणि मग ती म्हणते, "ताई, माझं मनच लागत नाही." मन न लागण्याचं एक मोठं कारण तिची झोप असते.

म्हणून जाण्याआधी यादी कर, पण छोटी. दहा सवयी घेऊन जाऊ नकोस. तीन पुष्कळ झाल्या.

आणि त्या घड्याळाशी बांधू नकोस. तुझं काम शिफ्टचं. तिथल्या मुलींच्या तोंडी दिवसभर "फ्र्यू, श्पेट, नाख्ट" हे शब्द असतात, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. या आठवड्यात पाचला उठशील, पुढच्या आठवड्यात पाचला रात्रीच्या शिफ्टमध्ये असशील. तिथे "रोज पहाटे पाचला" या निश्चयाला काही अर्थच राहत नाही. सवय एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांध. जेव्हा ट्राममध्ये बसेन तेव्हा कालचे शब्द ऐकेन. जेव्हा युनिफॉर्म काढून कपाटात टाकेन तेव्हा आज न कळलेलं एक वाक्य वहीत उतरवीन. पेटर गोलवित्सर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशा "जेव्हा-तेव्हा"च्या ठरावांवर लिहिलं आणि त्यानंतर त्यावर भरपूर काम झालं. नुसतं "मी करीन" म्हणणाऱ्यांपेक्षा कधी आणि कुठे हे आधी ठरवणाऱ्यांकडून काम जास्त तडीस जातं. ट्राम प्रत्येक शिफ्टला असते, युनिफॉर्मही असतो. आई नसली तरी या गोष्टी तुला हाक मारतील.

किती दिवस लागतील? एकवीस दिवसांची जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती डोक्यातून काढून टाक. तिचं मूळ अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस जातात, असं त्याने १९६० मध्ये नोंदवलं होतं. यातला "निदान" हा शब्द पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. एखादी साधी कृती अंगवळणी पडायला त्यात साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ दिवसांपर्यंत लागतील असा अंदाज निघाला. तुझ्यासाठी त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं काही बिघडलं नाही. तू पाचव्या दिवशी उठली नाहीस, तिथे काही मोडलं नव्हतं. सहाव्या दिवशी सोडून दिलंस, तिथे मोडलं.

आता कुठल्या सवयी, ते सांगते. पहिली वॉर्डातली: ऐकलेली सूचना परत सांगून खात्री करण्याची. ही माझ्या लेखी बाकी सगळ्यांच्या वर आहे.

सकाळची शिफ्ट साधारण सहाच्या सुमाराला सुरू होते आणि पहिलं काम म्हणजे युबरगाबे, आपण हँडओव्हर म्हणतो ते. रात्रीची नर्स थकलेली असते, तिला घरी जायचं असतं, ती भराभर बोलते आणि तेही त्या भागाच्या बोलीत. श्टुटगार्टच्या बाजूची श्वेबिश बोली तू क्लासमध्ये शिकलेल्या जर्मनपेक्षा खूपच वेगळी आहे. अशा वेळी आपली मुलगी काय करते? मान डोलावते. आपल्याकडे मोठ्यांसमोर मान डोलावणं हा मान देण्याचा प्रकार आहे. समजलं नाही असं चारचौघांत म्हणणं म्हणजे समोरच्याचा वेळ घेणं, असं आपल्या अंगात भिनलेलं असतं. तिथे मात्र मान डोलावलीस म्हणजे समजलं असाच अर्थ घेतात, आणि त्या भरवशावर पुढे औषध दिलं जातं.

कागदावरचे आकडेही सांभाळ. हाताने लिहिलेल्या १ च्या इंग्रजी आकड्याला ते वर लांब शेपूट काढतात, आपल्या डोळ्यांना तो ७ वाटतो. त्यांच्या ७ ला मध्ये आडवी रेघ असते. दशांशासाठी टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. अर्धी गोळी म्हणजे शून्य स्वल्पविराम पाच. आणि टिंब वापरतात ते हजारासाठी. सलाईनच्या चार्टवर एकाच्या पुढे टिंब आणि तीन शून्यं दिसली तर तो एक मिलीलीटर नव्हे, हजार मिलीलीटर. हे एकदा समजायला एक मिनिट लागतं, पण पहाटे सहा वाजता, अर्ध्या झोपेत, आपोआप तसंच वाचता यायला महिने लागतात. आजपासूनच घरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबात, सगळीकडे त्यांच्या पद्धतीने आकडे लिहायला लाग.

आणि तोंडात एक वाक्य बसव: "इश वीडरहोले", मी परत सांगते. समोरच्याने सूचना दिली की ते म्हणायचं आणि ऐकलेलं तुझ्या शब्दांत परत सांगायचं. खोली नंबर, रुग्ण, औषध, मात्रा, वेळ. चुकलं तर ती नर्स तिथल्या तिथे दुरुस्त करील. पहिल्या महिन्यात तुला वाटेल, या बायका माझ्यावर वैतागतात. वैतागू देत. सुरक्षित हात कुणाचे, हे वॉर्डात लवकर कळतं. माझ्याकडे तयारीला येणारी मुलं क्लासमध्ये चहा सांगतानाही हे करतात: मी तीन कप, एक बिनसाखरेचा असं म्हटलं की समोरचा ते परत सांगूनच उठतो. सुरुवातीला हसतात, आठवड्याभरात हसणं थांबतं आणि वाक्य राहतं.

आता यशाबद्दल. इथे मला तुझ्याशी जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्या मुली नेमक्या इथेच दुखावतात आणि जाण्याआधी त्याबद्दल त्यांना कुणी काही सांगत नाही.

कुडाळच्या हॉस्पिटलात तू आयव्ही लावतेस, इंजेक्शनं देतेस, डॉक्टर नसताना वॉर्ड सांभाळतेस. रुग्णाला पुसून काढणं, कपडे बदलणं, भरवणं हे नातेवाईक करतात, नाहीतर मावशी. जर्मनीत नातेवाईक रुग्णाजवळ राहत नाहीत. अंघोळ घालणं, दात घासून देणं, डायपर बदलणं, घास भरवणं हा नर्सच्या कामाचा गाभा मानतात. या कामाला ग्रुंटफ्लेगे म्हणतात, म्हणजे मूलभूत शुश्रूषा, आणि तीन-तीन वर्षं शिकून आलेली जर्मन नर्सही ते करते. उलट शिरेत सुई घालणं बऱ्याच हॉस्पिटलांत डॉक्टरच्या वाट्याला असतं. त्यात तुझी पदविका तिथे मान्य होईपर्यंत तू सहायक म्हणून काम करशील, पगारही त्या हुद्द्याचा. पहिल्याच आठवड्यात आजोबांना अंघोळ घालताना तुझ्या मनात येईल, "यासाठी का मी इतकी शिकले?" येईल तेव्हा हे आठव की आधीच्या सगळ्या मुलींच्या मनात हेच आलं होतं.

त्या वेळी एक गोष्ट मुद्दाम कर. तुझ्याबरोबर काम करणारी जुनी जर्मन नर्स अंघोळ कशी घालते ते नीट बघ. पाण्याचा हात लावण्याआधी ती सांगते, आता मी तुमचा डावा हात धुते. पाठ धुताना त्वचा लाल झाली आहे का बघते, टाचा बघते, श्वास लागतोय का ऐकते, रुग्ण आज कालच्यापेक्षा कमी बोलतोय हे तिच्या लक्षात येतं. वीस मिनिटांत ती पूर्ण तपासणी करून मोकळी होते आणि ती नोंदवून ठेवते. ही विद्या आहे. ती शिकून घेतलीस तर उद्या कुठल्याही देशात चांगली नर्स होशील. हलकं काम म्हणून उरकलंस तर तुझी अख्खी वर्षं कडवट जातील. मी तसं होताना पाहिलंय, आणि त्या मुली काही कमी हुशार नव्हत्या.

वाडीचे डोळे तुझ्याकडे लागलेत म्हणतेस. त्यांना दिसणारं यश म्हणजे चिरेबंदी घर, गाडी, गणपतीला आणलेली चॉकलेटं. ते त्यांच्या जागी ठीक आहे. पण पहिल्या वर्षाचं तुझं यश वाडीला दिसणारच नाही, कारण ते एका कागदात आहे: मान्यतेचा दाखला, उर्कुंडे. जीएनएमची कागदपत्रं तिथलं राज्य तपासतं आणि काय कमी आहे ते लेखी कळवतं. मग एकतर ज्ञान-परीक्षा द्यायची किंवा ठरावीक महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करायचा. भाषेची बी-टू पातळी बहुतेक राज्यांत लागते, म्हणजे तुझ्या आत्ताच्या पायरीच्या वरची. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी, श्टुटगार्ट ज्यात येतं त्याच राज्याशी, कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे "जर्मनीत नोकऱ्या" हे वाक्य फार फिरतं. नोकरी असते, पण मान्यतेशिवाय ती सहायकाचीच राहते. म्हणून तुझ्या तीन सवयींतली दुसरी भाषेची. रोज थोडी, पण तोंडाने. व्याकरणाची पानं भरलीस आणि दिवसभर तोंड उघडलं नाहीस तर बी-टूची तोंडी परीक्षा निघणार नाही. वॉर्डात न कळलेलं वाक्य वहीत उतरव आणि दुसऱ्या दिवशी त्याच नर्सला विचार, "काल तुम्ही हे म्हणालात, म्हणजे काय?" लोक आनंदाने सांगतात. श्वेबिश माणूस वरून रुक्ष वाटतो, पण आपल्या बोलीबद्दल विचारलं की खुलतो, अगदी आपल्या मालवणी माणसासारखा.

पैशांचं पटकन सांगते. करारावरचा पगार आणि हातात येणारा पगार यांत कर आणि विम्यांमुळे ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडतो, तेव्हा युरोला रुपयांनी गुणून घरी आकडा सांगू नकोस. आपल्या भागाला एकेकाळी मनीऑर्डरचा मुलूख म्हणायचे. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा माणूस पगाराच्या दिवशी आधी पोस्टात जायचा आणि मग खानावळीचं देणं द्यायचा. त्याला पैसे पाठवायची आठवण करून द्यावी लागत नसे, कारण ते काम पगाराच्या दिवसाला बांधलेलं होतं. तूही तसंच कर, फक्त क्रम बदल. पगार जमा झाला की ठरलेली रक्कम आधी तुझ्याच बचत खात्यात जाऊ दे, बँकेला कायमची सूचना देऊन ठेव. तीन महिन्यांचं भाडं आणि खाणं साठेपर्यंत घरी थोडेच पाठव आणि हे आईबाबांना जाण्याआधीच सांग. नंतर सांगणं फार जड जातं.

त्या गिरणी कामगारांकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे, आणि एक टाळण्यासारखी. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, त्याआधीच्या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं परळ-लालबागला जायची आणि गावाच्या नावाने घेतलेल्या एका खोलीत दाटीवाटीने राहायची. आजारी पडला तर बघायला माणूस, नोकरी सुटली तर जेवायला ताट, बारशापासून बाराव्यापर्यंत सोबत. तसा आधार तुलाही लागेल. जवळपास मराठी माणसं असतील तर गणपतीला, पाडव्याला जरूर जा. पण चारही मराठी मुली एकाच फ्लॅटमध्ये, शिफ्टही जमतील तितक्या एकत्र, जेवणं एकत्र, सुट्टी एकत्र, असं झालं की भाषा जिथल्या तिथे थांबते. जॉन बेरी या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने स्थलांतरितांवर आयुष्यभर काम केलं. आपलं आपल्यापाशी ठेवून नव्या समाजातही शिरणारी माणसं, यातलं एकच धरून बसणाऱ्यांपेक्षा साधारणपणे जास्त सुखात राहतात, असं त्यातून दिसतं. खोली मराठी मुलीबरोबर घेतलीस तर आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ जर्मन माणसांत घालव. गायनाचा गट असो, बॅडमिंटन असो, चर्चच्या हॉलमधलं शिवणकाम असो. गावोगावी त्यांच्या संस्था असतात, फेराइन म्हणतात. तिथे नाव घातलं की माणसं आपोआप भेटतात. नुसत्या शेजारधर्माची वाट बघत बसलीस तर वर्ष जाईल. तिथला शेजारी न सांगता दारात येत नाही, आणि त्यात तुझा अपमान काही नसतो.

तिसरी सवय उजेडाची. तुला हे आत्ता क्षुल्लक वाटेल. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दिवसाच्या लांबीत जेमतेम दोन तासांचा फरक. श्टुटगार्टला डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमाराला मावळतो. तू काळोखात कामावर जाशील आणि दुपारी बाहेर पडशील तेव्हा जेमतेम दोन तास उजेड उरलेला असेल, तोही ढगांमागे. समुद्रावरच्या उन्हात वाढलेल्या शरीराला हे फार लागतं. झोप बिघडते, रडू येतं, कशातच रस वाटत नाही. म्हणून सकाळची शिफ्ट संपली की खोलीवर जाण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर चाल, हवा कशीही असली तरी. दुपारच्या शिफ्टला ती फेरी कामाआधी मार. फोन खिशात. आईशी बोलायचं ते नंतर, आणि तेही शिफ्टप्रमाणे ठरवलेल्या वेळीच. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. दुपारी अडीचला तू सुटलीस की घरी दिवेलागण असते, दोघींनाही सोयीचं. दिवसभर व्हिडिओ कॉल उघडा ठेवून स्वयंपाक करणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. त्या ना इथल्या राहतात, ना तिथल्या होतात. आईलाही ते बरं नसतं. तुझा चेहरा जरा उतरलेला दिसला की तिचं जेवण जात नाही.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, काम यांवर परिणाम होत राहिला तर डॉक्टरांकडे जा. तुझा आरोग्य विमा त्यासाठीच आहे. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. आणि ताप असताना कामावर जाऊ नकोस. आपल्याकडे त्याचं कौतुक होतं, तिथे त्याला बेजबाबदारपणा म्हणतात. शिफ्ट सुरू होण्याआधी फोन करून कळवायचं.

बाकीच्या गोष्टी सांगून ठेवते, अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी बाजार. रात्री दहानंतर आवाज नाही. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि भाडेकरू म्हणून तुला जाब विचारतात. मच्छीची कढी केलीस त्या दिवशी तर खिडक्या नक्कीच उघड. सामानात आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला ने. तूप, पेढे, खवा नेऊ नकोस. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. मे महिन्यात कुणी भेटायला आलं तर हापूसही तसाच बॅगेत घालून आणू देऊ नकोस, त्याला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो.

आता आईचं म्हणणं, नाही जमलं तर परत ये. तुझी आई मोठ्या मनाची आहे. परत येण्यात काही कमीपणा नाही आणि हे तिने आधीच म्हटलंय, याचा तुला तिथे फार आधार होईल. फक्त हा निर्णय कधी घ्यायचा ते आत्ताच ठरवा. स्वेरे लिसगार या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवरून १९५५ मध्ये लिहिलं की सुरुवातीचे काही महिने बरे जातात, आणि सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना सगळ्यांत जड गेलेलं दिसतं. हा चढ-उतार प्रत्येकाच्या बाबतीत तसाच होतो असं नाही, पुढच्या अभ्यासांत वेगळंही दिसलं. पण आपल्या मुलींकडे बघता मला तो बराचसा पटतो, फक्त नोव्हेंबरात जाणाऱ्यांचा उतार लवकर सुरू होतो. पहिला धक्का जानेवारी-फेब्रुवारीत बसतो, दुसरा गणपतीला, जेव्हा सगळ्या चाकरमान्यांनी भरलेल्या गाड्या कोकणात येत असतात आणि तू वॉर्डात असतेस. या दोन्ही वेळी तू घेतलेला कुठलाही निर्णय धरायचा नाही, असं आईबाबांशी बोलून ठेव. मान्यतेच्या परीक्षेचा निकाल हातात आल्यावर, आणि शक्यतो मे-जूनमध्ये, दिवस सोळा तासांचा असताना बसा आणि ठरवा.

परत येण्याची वाट खरंच मोकळी राहायला हवी असेल, तर सही करण्याआधी करार नीट वाच. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर भाषेच्या क्लासचा आणि प्रवासाचा खर्च परत द्यावा लागेल, असं कलम बऱ्याच करारांत असतं. रक्कम किती, ती महिन्यागणिक कमी होते की नाही, आणि घर हॉस्पिटलचं असेल तर नोकरीबरोबर घरही सुटतं का, हे तिन्ही लेखी विचार. इथला एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघ. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. त्याहून जास्त मागत असेल तर पावती माग. पावती द्यायला का-कू करू लागला, तर कागदपत्रं घेऊन आधी माझ्याकडे ये, मग पैसे दे.